पायाखालचं देणं

आमच्याकडं घर बांधायला काढलं की खर्चाची नवी वही येते. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याखाली भूमिपूजनाचा खर्च : नारळ, हळदकुंकू, पेढे, गुरुजींची दक्षिणा. मग सिमेंट, सळई, वाळू, गवंड्याची उचल. बांधकामाच्या धंद्यात आल्यापासून मी अशा वह्या चाळत आलो. जमीन बघून दिल्याबद्दल कुणाला काही दिलं, अशी नोंद मात्र त्यांत क्वचितच सापडते. मोठ्या कामाला मातीचा रिपोर्ट लागतो, तो काढला जातो आणि फायलीत जाऊन बसतो. माझं पोट या न लिहिलेल्या नोंदीवरच चालतं. मी स्वतः ज्यांचं देणं लागतो त्यांची नोंदही अजून कुठं केलेली नाही. ती इथं करतो.

मी मेहकरचा. मेहकर म्हटलं की लोकांना बुलढाणा जिल्ह्यातलं, शारंगधर बालाजीचं मेहकर आठवतं. आमचं मेहकर बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात. तेव्हापासून आमचे कागद कानडीत आणि भांडणं मराठीत. जमिनीला मात्र हद्द कळत नाही. मांजरेच्या खोऱ्यात इकडं काय अन् तिकडं काय, वर काळी, तिच्या पोटात चुनखडीचे खडे, खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण. उन्हाळ्यात काळीला अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकावा. पहिला पाऊस झाला की तीच माती पायताणाला अशी चिकटते की पायताण हातात घेऊन चालावं लागतं.

आमची विहीर खोदली तेव्हा मी शाळेत होतो. खोदणारे वडार. त्यांचा म्होरक्या आप्पा. सगळं गाव त्याला आप्पाच म्हणे, म्हणून मीही. बोली परसावर, म्हणजे खोलीच्या मापावर, होती : मातीच्या परसाला एक भाव, मुरमाला दुसरा, पाषाण लागला की तिसरा. त्यामुळं थर नेमका कुठं बदलला यावर रोज दिवस मावळताना वडील आणि आप्पा यांची हुज्जत चाले. वडील काठावरून म्हणायचे, “अजून मुरूमच हाय की.” आप्पा खाली काही न बोलता टिकावानं एक टवका काढायचा, घमेल्यात टाकून वर पाठवायचा. वडील तो मुठीत दाबायचे. चुरा झाला तर वडील जिंकले, नाही झाला तर आप्पा. एकदा टवका अर्धा चुरला आणि अर्धा तसाच राहिला. त्या दिवशी दोघं अंधार पडेपर्यंत भांडले आणि शेवटी परसाचे दोन वाटे करून दोन भाव लावले. पुढं कॉलेजात ‘पूर्ण अपक्षीण’, ‘अंशतः अपक्षीण’ असे खडकाचे प्रकार शिकवायला लागले तेव्हा मला पुस्तक उघडायची गरज पडली नाही. त्यातला फरक किती रुपयांचा असतो तेही मला ठाऊक होतं.

जागा दाखवायला वडिलांनी पाणाड्या आणला होता. तळहातावर उभा ठेवलेला नारळ जिथं आडवा झाला तिथं चुन्याची खूण केली. आप्पानं त्याला कधी नावं ठेवली नाहीत. “नारळ त्येचा, पहार आपली,” एवढंच म्हणायचा. पण काम अंगावर घ्यायच्या आधी तो शेजारच्या विहिरींत उतरून आला होता. मलाही घेऊन गेला. दोर कमरेला, पाय दगडांच्या खोबणीत. अर्ध्यावर थांबून तो भिंतीवर हात फिरवत सांगायचा, हितनं मुरूम, हितनं मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. त्या भोकांत पांढरे चकचकीत खडे भरलेले असतात आणि मुलं ते खिशात भरून नेतात. त्याखाली वीतभर लाल गेरूचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा लोट येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्याची ती लाल रेघ, हे मला फार नंतर कळलं. आप्पाला तिचं एवढंच पक्कं होतं की पाणी तिच्या डोक्यावर अडतं.

“आयती खंदलेली हीर हाय, फुकट बगाय मिळलालीय, मग का बगू नये?” असं त्याचं म्हणणं. जमिनीच्या तपासणीसाठी भारतीय मानक क्रमांक १८९२ आहे. त्याच्या रीतीनंही यंत्र लावण्याआधी आसपासच्या विहिरी, ओढ्यांचे काठ, रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या बघून घ्यायच्या असतात. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा अख्खा अध्याय पाण्याच्या खुणांना दिला. त्यात झाडं आहेत, वारुळं आहेत, खोदताना लागणारे मातीचे रंगही आहेत. त्यातल्या सगळ्या खुणा टिकतील असं मला वाटत नाही. पण खोदण्याआधी चार ठिकाणी नीट बघावं, ही सवय त्यात आहे आणि आप्पात होती.

पाणी अडवणारा थर ओळखून त्यावरचं पाणी वाहतं केल्याचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. बीदरचं पठार जांभ्या खडकाचं. जांभा पाणी पितो आणि त्याच्या तळाच्या चिकणमातीवर, पाषाणावर ते थांबतं. पंधराव्या शतकात बहामनींनी गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली, त्या काळात इराणी पद्धतीचे भुयारी पाट, म्हणजे करेज, या थरांच्या सांध्याशी खोदले गेले. नौबादच्या करेजवर ओळीनं विहिरीसारखे झरोके आहेत, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. मी आप्पाला एकदा तिथं नेलं. झरोक्यात वाकून त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्येंचा परसाचा भाव काय आसंल?”

विहिरीच्या भिंतीवरची दुसरी खूण त्यानंच दाखवली. पाणी मे महिन्यात कितीही खोल गेलेलं असो, भिंतीवर वर कुठंतरी एक फिकट पट्टा असतो. त्याच्या खाली दगड काळसर, शेवाळ वाळून पापुद्रे धरलेलं, आणि वर दगड कोरडा, आपल्या रंगाचा. पावसाळ्याच्या शेवटी पाणी तिथवर चढतं. पाया, तळघर किंवा टाकी कुठल्या पाण्यात राहणार ते या पट्ट्यावरून ठरवावं. खोदताना लागलेल्या ओलीवरून ठरवलं तर फसगत होते, कारण आपल्याकडं खोदकाम उन्हाळ्यातच निघतं.

भालकीतल्या एका डॉक्टरांना दवाखान्याखाली तळघर हवं होतं. खड्डा मे महिन्यात झाला, तळ ठणठणीत कोरडा. ते खुशीत होते. मी त्यांना पलीकडच्या वाड्यातल्या आडाकडं नेलं आणि बॅटरी मारून पट्टा दाखवला. तो त्यांच्या तळघराच्या फरशीपेक्षा पुरुषभर उंच होता. ते म्हणाले, आड जुना आहे, आता एवढं पाणी कुठं राहिलंय? बोअरवेलनी पाणी खाली गेलं आहे हे खरंच. पण एखादं वर्ष मांजरा दुथडी वाहते आणि तेव्हा आड आपली जुनी उंची विसरलेला नसतो. शेवटी तळघर रद्द झालं, पण जमिनीखालची पाण्याची टाकी राहिली. ती बांधून झाली, माती भरायची आणि पाणी सोडायचं बाकी होतं, आणि सप्टेंबरात चार दिवस झड लागली. रिकामी टाकी एका कोपऱ्यानं अर्धा फूट वर उठली. काँक्रीटची टाकी तरंगते यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. मी त्यांना नाव तरंगते तो नियम सांगितला. आप्पाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “भरून ठिवायची की.” इलाज तोच आहे. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायची नाही, आणि ठेवायचीच असेल तर तिच्या बुडाला तेवढं वजन द्यायचं.

काळीशी माझी खरी ओळख लातूरला कॉलेजात झाली आणि ती करून देणारे प्राध्यापक नव्हते. माती-प्रयोगशाळेत सामान मांडणारे एक शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणत. प्रयोग असा : काळी वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे करायचे. शंभर मिलीच्या दोन मोजनळ्यांत टाकायचे. एका नळीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती जिथल्या तिथं बसलेली असते आणि पाण्यातली फुगून नळीत वर चढलेली. मुलं आकडे लिहून घ्यायची, एकमेकांचे उतरवायची आणि निघून जायची. मामांनी मला थांबवून घेतलं. गावाकडची माती आण म्हणाले. मेहकरची माती मी एसटीतून पिशवीत नेली. पाण्यातली दुपटीजवळ गेली. “पन्नास टक्क्यांच्या वर गेलं की सावध व्हायचं,” मामा म्हणाले, “तुमची तर शंभराला टेकली. या मातीवर घर आहे का तुमचं?”

रॉकेलच का, हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. काळीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे कण पापुद्र्यांचे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर सारतं. रॉकेल शिरू शकत नाही. म्हणून रॉकेलातली नळी म्हणजे मातीची कोरडी मापं आणि पाण्यातली म्हणजे तिची पावसाळी मापं. मामांनी हे सगळं या शब्दांत सांगितलं नाही. ते म्हणाले, हिला तहान रॉकेलाची नाही. त्यांचा हुद्दा शेवटपर्यंत शिपायाचाच राहिला. माझ्या प्रत्येक रिपोर्टात फुगवट्याची टक्केवारी असते आणि ती लिहिताना मला नळ्या धुणारे त्यांचे हात दिसतात. सगळे खाचे पुसून, उलट्या करून, फडक्यावर ओळीनं ठेवायचे.

या मातीवर अभ्यास झाला तोही आपल्याच मुलखात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं की फुगणाऱ्या काळीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे चांगल्या लाल मुरमाचा, साधारण मीटरभर थर दाबून दिला की खालची काळी वर उठायची थांबते. कर्नाटकात मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही पद्धत वापरली गेली. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं याच मातीसाठी बुडाशी फुगीर डोकं असलेले खांब, अंडर-रीम्ड पाइल, रूढ केले. ऋतूप्रमाणं ओल चढते-उतरते त्या पट्ट्याच्या खाली त्यांचं डोकं अडकवायचं, आणि वरची तुळई मातीला टेकू द्यायची नाही, मधे पोकळी सोडायची, म्हणजे काळीला फुगायचं तेवढं फुगू दे.

लोकांना वाटतं जड घर खचेल, हलकं वाचेल. काळीत बऱ्याचदा उलटं होतं. दगडी देऊळ तिच्या छातीवर बसून राहतं आणि शेजारची कंपाउंडची भिंत, व्हरांडा, बाहेरचा संडास उचलले जातात. घराच्या ज्या कोपऱ्यात मोरीचं पाणी मुरतं तो कोपरा वर येतो, कडुलिंबाकडचा कोपरा सुकून खाली जातो आणि मधल्या खिडकीच्या कोनातून तिरपी भेग निघते. ती उन्हाळ्यात रुंद होते, पावसाळ्यात मिटते. पावसाळ्यात मिटली की मालक प्लास्टर करून रंग मारतो आणि पुढच्या मे महिन्यात मला फोन करतो.

किल्लारीच्या भूकंपाचं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. आमच्याकडंही भांडी पडली, जनावरांनी दावी तोडली. सकाळी बातमी कळली तसा आप्पा टोळी घेऊन, पहारी-टिकाव ट्रॅक्टरमध्ये टाकून गेला. परत आला तेव्हा बरेच दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. मग एकदा आमच्याच ओसरीवर बसून वर बघत म्हणाला, “मानसं जिमिनीत न्हाई गेली, बापू. माळवदाखाली गेली.” आमचंही घर तसंच होतं. दोन-तीन फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळतं म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी थोडी माती आणखी टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही. आजोबांच्या वेळची माती, तिच्यावर वडिलांची. त्या पहाटे ती सगळी खाली आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाच्या नकाशात तो सगळा भाग तोवर सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये मानक बदललं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला.

नंतर आमच्याकडं सगळा दोष काळीवर टाकायची पद्धत पडली. मला ते पटत नाही. खोल, मऊ मातीत हादरा वाढतो हे शास्त्र सांगतं आणि उथळ पायाही होते. पण भिंतीला भिंतीशी बांधणारा दगड नसेल आणि डोक्यावर टनांनी माती असेल, तर खाली खडक असूनही कितीसं वाचलं असतं? आप्पाच्या त्या वाक्यानंतर वडिलांनी माळवद उतरवलं आणि पत्रे घातले. माती खाली टाकायला बैलगाड्या अपुऱ्या पडल्या. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली आम्ही भाजून निघायचो आणि आई आप्पाला शिव्या घालायची.

तिसरं देणं एका म्हाताऱ्या आत्याचं. गावाच्या जुन्या भागात एकानं दोन मजली घर काढलं. जागा पांढरीतली, घट्ट, काळीचं नाव नाही. आम्ही यंत्र लावून तीन भोकं घेतली. भोकातल्या चाचणीत साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून नळीवर सोडतात आणि नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. त्याआधीच्या पहिल्या अर्ध्या फुटाचे ठोके सोडून देतात, कारण तिथली माती भोक पाडताना ढिली झालेली असते. आकडे उत्तम आले. आप्पा पहारीच्या आवाजावरून जे सांगायचा तेच हे, फक्त कागदावर. मी सामान आवरत होतो तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून आत्या म्हणाली, “तिकडल्या अंगाला बगितलाव का? तिथं आमच्या सासऱ्याचं पेव हुतं.”

पेव म्हणजे धान्य साठवायची जमिनीतली कोठी. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मोठं. ज्वारी भरायची, वर कडबा-माती घालून तोंड बंद करायचं. पोती आणि गोदामं आली, पेवं बंद झाली, कुणी नीट भरली, कुणी तोंडावर दगड ठेवून सोडून दिली. आमची तीन भोकं पेवाला चुकवून गेली होती. आत्यानं काठी टेकत येऊन जागा दाखवली. मजुरानं पहार मारली आणि ती तिसऱ्या घावाला हातातून सुटून आत गेली. वरून बघितलं तर कोरडी, स्वच्छ, गोल पोकळी, आणि बरोबर तिच्यावर पुढच्या खांबाचा खड्डा यायचा होता. आतून अजून ज्वारीचा आंबूस वास येत होता. त्यापुढं जुन्या गावठाणात काम असलं की मी यंत्राच्या आधी म्हाताऱ्या माणसांकडं जातो. चहा होतो, सासू-सुनांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, वेळ जातो. पण कुठं आड बुजवला, कुठं उकिरडा होता, कुठून पूर्वी ओढा वाहायचा, हे दुसरीकडं कुठं मिळणार? आत्याला मी लुगडं नेलं. तिनं ते घेतलं आणि सुनेला म्हणाली, बघ, पेवानं मेल्यावरबी दिलं.

आप्पाला यारी आणि पोकलेन आल्यावर काम राहिलं नाही. मुलं हैदराबादला मातीकामावर गेली. म्हातारपणी त्याला सरकारी योजनेतून घर मंजूर झालं. त्यानं निरोप धाडला, इंजिनेरला म्हणावं खड्डा बगून जा. मी गेलो तर खड्डे आधीच खोदून तयार होते. कडा ओळंब्यात, तळ झाडलेला, सगळे खाली मुरमाला टेकलेले. बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. तरी मी खाली उतरलो, एक टवका काढला, मुठीत दाबला. तो काठावर उभा राहून हसत होता. जोत्याच्या तुळईवरून आमचं भांडण झालं. त्याला सळई जास्त वाटत होती, मला कमी. मी जिंकलो, कारण सळई मीच आणून टाकली.

निघताना त्यानं विचारलं, “तुमचं काय आसतंय बापू, रोजावर का परसावर?” दोन्ही नाही म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. हात धरून पलीकडच्या प्लॉटवर घेऊन गेला आणि म्हणाला, मग ह्येचा बी बगा. त्या शेजाऱ्याचे खड्डे जुन्या उकिरड्याच्या भरावात होते, राखेत आणि फुटक्या मडक्यांत. आणखी पाच-सहा फूट खाली जावं लागलं तेव्हा कुठं मुरूम लागला. त्याचा खर्च वाढला आणि तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.